रकाना क्रमांक सात

सियागंजात, कुलुपांच्या दुकानावर
एका माणसाच्या खांद्याएवढा जिना.
वर मंडळीचं दफ्तर.
सहकारी बँकेतून निवृत्त झालो
आणि तपासनीस म्हणून इथे आलो,
दिवसाला सातशे रुपये.

छत्तीस वर्षं मी व्याज मोजलं.
सरळ, चक्रवाढ, दंडाचं,
थकलेल्यावर पुन्हा थकलेलं.
बोट आपसूक सातव्या रकान्याकडे जातं,
जशी जीभ पडलेल्या दाताच्या जागी.
इथे सातवा कोरा.
वहीमागून वही
तांबड्या रेघांच्या मधे नुसता कागद.

नव्या संगणकालाही हे पटेना.
व्याजदर भरा, म्हणाला. मी शून्य भरलं.
शून्य चालत नाही, म्हणाला.
प्रोग्रामवाला पोरगा डोकं खाजवत बसला:
"भिया, ऐसा तो कोई लेता ही नहीं."

कैदजोहरभाई साबूवालांनी
जरीकाठाची टोपी काढून टेबलावर ठेवली.
आधी पत्र्याची पेटी होती, म्हणाले.
गरजूने न्यावं, नेलं तेवढंच आणून ठेवावं.
आता दुबईत, क्वालालंपुरात काचेचे मनोरे,
सुकूक नावाचे रोखे, वकील, समित्या.
"पेटी मोठी झाली, साहेब.
किल्ली तीच आहे का,
ते बघत राहावं लागतं."

मी मात्र खवट कारकून.
जोएब रंगवालाच्या फायलीवर अडलो.
मंडळीने लेथ घेतलं एक लाख ऐंशीला,
त्याला विकलं दोन लाख चारला,
चोवीस हप्ते, साडेआठ हजारांचा एक.
वरचे चोवीस हजार?
हे तेच की, नाव बदलून आलेलं!
पेन्सिलीने गोल केला, जरा जोरातच.

ते वाद घालत बसले नाहीत.
त्याच फायलीतलं मागचं पान उलटलं.
राजकोटहून येताना पहिलं लेथ
माछलियाच्या घाटात ट्रकसकट कलंडलं.
विम्याचे निम्मेच आले.
तोवर माल मंडळीचा,
म्हणून तोटाही मंडळीचा.
जोएबच्या खिशातून पैसुद्धा गेली नाही.
"तुमच्या बँकेच्या कर्जाचं लेथ पडलं असतं,
तर हप्ता थांबला असता?"

मला देवासचा छापखानेवाला आठवला.
त्याचं यंत्र पाण्यात गेलं त्या वर्षी
दंडव्याज मी लावलं होतं.
बरोबर लावलं होतं. पैशाची चूक नाही.
सही करताना त्याने पेन दोनदा झटकलं.
शाई होती पेनात.

शेवटच्या पानावर, वेगळ्या शाईत,
चार हजार तीनशे बारा:
मंडळीच्या बचत खात्यावर बँकेनेच टाकलेलं व्याज.
ते वापरायचं नाही,
दान म्हणून मिरवायचंही नाही.
इस्पितळाच्या आवारातले संडास
दुरुस्त करायला द्यायचं, आणि विसरायचं.
ही नोंद मी तीनदा वाचली.
तपासायला तीत काही नव्हतं.

घरी आलो, लोकमान्य नगरात.
फोन थरथरला: ठेवीचं व्याज जमा.
त्यावरच आमची औषधं, त्यावरच भाजी.
परत केलं नाही. करणारही नाही.
पण रात्री शाळेतला एक शब्द
उगाच जिभेवर घोळत राहिला: निर्व्याज.
निर्व्याज हसू, असं वाक्यात उपयोग करायचो.
व्याज म्हणजे ढोंग, मिष, असं गुरुजी सांगत.
तेव्हा पैशाबद्दल
कोणीच काही बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाचे त्यांनी दिले.
उद्या मी देतो, म्हणालो.
"लिख लो, साहब.
उधार कितीही लहान असो,
लिहून ठेवावं. तसा हुकूम आहे."
खिशातली डायरी काढली.
चहा एक. रुपये दहा. कैदजोहरभाईंचे.
आणि सवयीने
सात रेघा आखल्या गेल्या.